तलावपाळीवर चित्र, खाडीवर फोटो: या चुका टाळा

उघड्यावर बसून चित्र काढायची मजा बिघडते, तेव्हा दोष बहुधा हाताचा नसतो. बसायची जागा चुकलेली असते, नाहीतर वेळ. फोटोचंही तेच. ठाण्यात आणि नवी मुंबईत नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथे दिले आहेत.

कोपऱ्यात लपून बसणं

लोक बघतील म्हणून नवखा माणूस झाडामागे किंवा पायरीच्या टोकाला बसतो. लपलेल्या माणसाकडेच लोक जास्त बघतात, आणि हातात कॅमेरा असला तर संशयही घेतात. त्यापेक्षा उघड बसा, फक्त पाठ भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावा. समोरून कोणी पाहिलं तर फारसा त्रास होत नाही, पण मानेमागे उभं राहून कोणी बघत असेल तर हात आखडतो. मासुंदा तलावाकाठी, म्हणजेच ठाण्याच्या तलावपाळीवर, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पहिली काही चित्रं सकाळी साडेसहा ते आठमध्ये काढा. फिरायला आलेले लोक स्वतःच्याच चालीत असतात. कोणी थांबून विचारलंच तर वही पुढे करा. दोन मिनिटांत ते पुढे निघतात.

जांभळी नाक्यावर फुलवाल्या मावशींचा फोटो लांबून झूम करून चोरू नका. गिऱ्हाईक नसताना जवळ जा, "मावशी, एक फोटो काढू का?" विचारा, काढल्यावर दाखवा. नको म्हणाल्या तर लगेच पुसून टाका. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढायचाच नाही. आणि हातगाडीच्या वाटेत उभं राहू नका, हमालाला ओझ्यासकट थांबणं परवडत नाही.

पानावर ऊन

जलरंगातली ही सगळ्यात महागडी चूक. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की प्रत्येक रंग फिका वाटतो. मग आपण गडद रंग चढवत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. कागद आणि रंगाची पेटी दोन्ही सावलीत हवीत. झाड नसेल तर साधी काळी छत्री चालेल, रंगीत मात्र नको, तिचा रंग पानावर उतरतो.

सावल्यांचा घोळ वेगळाच. सूर्य तासाला सुमारे 15 अंश सरकतो, त्यामुळे दीड तासाच्या चित्रात सावल्यांची दिशा आणि लांबी बदलून जाते. डावीकडच्या इमारतीची सावली नऊची आणि उजवीकडच्या झाडाची साडेदहाची, असं चित्र कुठेतरी खटकतं, पण कुठे ते सापडत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखा आणि नंतर त्यांना हात लावू नका.

वॉश का फुटतो?

वॉश म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ थर. एप्रिल-मेमध्ये तो अर्ध्यावर सुकतो आणि मधे कडक रेघ उमटते. पावसाळ्यात उलटं: वरून सुकलेला दिसणारा कागद आतून ओला असतो, त्यावर पाणीदार ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. कागदाला हाताची मागची बाजू हलकेच लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) घ्या आणि आकार ए5 च्या पुढे नेऊ नका. उन्हाळ्यात रंग आधी भरपूर कालवून ठेवा. पाण्याला दोन डबे लागतात, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. फाउंटन पेनच्या साध्या शाईवर रंग दिला तर ती पसरते, तिथे वॉटरप्रूफ पेनच हवं.

गर्दी तरंगते

माणसं जमिनीवर उभी वाटत नाहीत, याचं कारण क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा. तुम्ही उभे असाल तर सपाट जमिनीवरच्या मोठ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. स्टुलावर बसलात की नजर खाली येते आणि सगळ्यांची डोकी रेषेच्या वर जातात. अर्ध्यात बसलात, अर्ध्यात उठलात, तर चित्र हमखास फसतं.

रात्रीच्या फोटोत आडवे पट्टे

तलावावरचे दिवे किंवा दुकानांच्या पाट्या टिपताना हे होतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, सायलेंट शटर बंद करा. सरकत्या अक्षरांच्या पाट्यांची लय वेगळी असते, तिथे 1/30 पर्यंत उतरून बघावं लागतं.

फ्लेमिंगो आहेत, पण कुठे?

घड्याळ बघून जाल तर रिकामा चिखल मिळेल. जायचं ते भरती बघून. ओहोटीला पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात पसरून खातात. भरतीने चिखल बुडाला की ते नेरुळच्या पाणथळींकडे वळतात. नेरुळला जायचं तर पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचा. भरतीच्या वेळेचा जुना हिशोब अजून चालतो: तिथीला पाऊणाने गुणा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत थोडा उशीर धरा, आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा. रोज ती सुमारे 50 मिनिटं पुढे जाते.

दुसरी चूक उजेडाची. नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेला येते, म्हणून सकाळी ऊन पाठीशी असतं आणि गुलाबी रंग उठतो. संध्याकाळी तिथूनच नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात, त्याच हव्या असतील तर उत्तम. चकाकत्या पाण्यावर पक्षी काळे पडले तर कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अधिक 2/3 ते अधिक 1 करा. उडत्या पक्ष्याला शटर 1/1600, उभ्याला 1/500 पुरतं. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे भेटतात. त्यांना तिथेच अडवा. काठ सोडून चिखलात उतरू नका, पाय रुततो आणि निघत नाही.

धुरकट लेन्स

एसी लोकलमधून किंवा गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं. रुमालाने पुसाल तर धूळ घासून ओरखडे पडतील. बॅग बंदच ठेवून 20-30 मिनिटं थांबा. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की बदला, नाहीतर लेन्सला बुरशी आलीच.

कॅमेरा कुठे वळवू नये

ठाण्याचा तुरुंग किल्ल्यात आहे, तटबंदी मोहात पाडते, तरी तिकडे कॅमेरा नको. कोळशेतच्या हवाई दलाच्या तळाचंही तसंच. स्टेशनवर ट्रायपॉड उघडण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा. रुळांवर उतरून फोटो काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी पुलावरूनही छान दिसते, जाळीच्या भोकाला लेन्स टेकवली की जाळी फोटोत येत नाही.