जुन्या दवाखान्याची, मेडिकलची कागदं कोल्हापुरात शोधायची कशी

मागच्या महिन्यात एकानं विचारलं की आमच्या पणजोबांचा दवाखाना होता, त्याची माहिती कुठं मिळंल, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकतो कारण मी ह्यात दोन वर्षं घालवल्यात आणि त्यातलं निम्मं वर्ष चुकीच्या कचेरीत बसून गेलंय. आमच्या आजोबांचं मेडिकल होतं, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे, त्या दुकानाचा इतिहास काढायचा म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिली गोष्ट, सरळ सरकारी दप्तरात जाऊन "दवाखान्याचे कागद दाखवा" म्हणू नका. दवाखान्याची कागदं दवाखाना म्हणून ठेवलेलीच नसतात हो. ती असतात जागेच्या, पैशाच्या आणि परवान्याच्या कागदांत. हे तीन धागे धरले की बाकीचं आपोआप वर येतं.

म्हणून सुरुवात घरच्या माळ्यावरून करा. ट्रंक, लाल बासनातल्या वह्या, देव्हाऱ्यामागच्या पिशव्या, सगळं. मला आधी काहीच वाटलं नव्हतं पण एका पत्र्याच्या डब्यात आजोबांची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, निघाली, पहिल्या पानावर श्री, पाडव्याची तारीख, आणि मागं उधारीची यादी. त्यातच कागदाची एक पट्टी निघाली, दोन्ही कडांना कातरीनं खाचा पाडलेल्या. आईनं ओळखली, पूर्वी कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला ही पट्टी चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. असलं काही मिळालं तर फोटो काढून परत जिथं होतं तिथंच ठेवा, कुठल्या वहीत कुठल्या पानापाशी होतं ते लिहून. घाईनं "साफसफाई" करणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्या आधी माळ्यावर चढा.

आता कागदात बघायचं काय? नंबर. मेडिकल असेल तर औषध परवान्याचा नंबर बिलाच्या वरच्या बाजूला छापलेला असतो, किरकोळ विक्रीचा परवाना फॉर्म २० आणि २१ चा, होलसेल असेल तर २०बी, २१बी. हा सगळा कारभार १९४० च्या औषध कायद्यातला, आणि आज परवाने बघतो तो अन्न व औषध प्रशासन विभाग. तिथं नुसतं नाव सांगितलं तर कोण शोधत बसत नाही, नंबर सांगितला तर बघतात तरी. चिठ्ठ्यांवर दिलेल्या औषधांचं रजिस्टर मात्र मिळंल ही आशा सोडा, नियमात शेवटच्या नोंदीपासून दोनच वर्षं जपायची अट आहे, त्यानंतर रद्दीच. म्हणून उधारीची वही कितीही मळकी असली तरी तीच खरी दौलत.

हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर पावतीपुस्तक शोधा, त्यावर "ई" नाहीतर "एफ" नं सुरू होणारा नंबर दिसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची ती नोंदणी. तो नंबर घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जायचं आणि नोंदवहीच्या उताऱ्याची नक्कल मागायची. त्यात स्थापनेवेळचे विश्वस्त, जमीन, आणि मग कोण गेलं कोण आलं त्याचे बदल अर्ज, सगळं क्रमानं. भांडणं झाली असतील तर ती पण, आणि खरं सांगू, ती वाचायला जास्त मजा येते. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर थोडी फी भरून कागद बघता येतात. जागेसाठी सिटी सर्व्हेतलं मालमत्ता पत्रक काढा, फेरफारात जागेचा मालक बदलला कधी ते कळतं.

सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांची फी, आपल्या महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तर तीस दिवसांत. "सर्व माहिती द्या" असं लिहिलं की अर्ज गेलाच समजा. मी पहिल्यांदा तसंच केलं, एका ऑफिसनं दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा फक्त "अमुक सालचं आवक-जावक रजिस्टर बघायला मिळावं" लिहिलं तर चटकन बोलावलं. नकला मागण्यापेक्षा आधी पाहणी मागा, समोर बसून काय आहे ते कळतं.

१९४९ च्या आधीचं शोधत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, विलीनीकरण १ मार्च १९४९ ला. संस्थानची दप्तरं पुराभिलेखागारात, म्हणजे जुनी सरकारी कागदं जपून ठेवणाऱ्या कचेरीत. ओळखपत्र, अर्ज, आणि विषय नेमका लिहून न्या, पेन नको पेन्सिल न्या, फोटोची परवानगी विचारूनच. आणि नावं! आपण ज्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो आणि म्हातारी माणसं थोरला दवाखाना म्हणतात, ते पूर्वी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली ती ह्याच हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागावर. तुम्ही "सीपीआर" शोधत बसलात तर जुन्या कागदात काहीच सापडणार नाही. लस टोचणं पण "देवी काढणं" म्हणून लिहिलेलं असतं.

जुनी कागदं मोडी लिपीत असतात, ती येत नसेल तर घाबरू नका पण वाचणारा गाठा, शिवाजी विद्यापीठाकडं चौकशी करा. कागदावर शक साल लिहिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा (जानेवारी ते पाडवा ह्या दिवसांत ७९), फसली, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर साधारण ५९०. मी एकदा शकाला इसवी सन समजून दोन दिवस वाया घालवलेत, हसू नका. संस्थानचे वार्षिक रिपोर्ट आणि १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर इंग्रजीत आहेत, त्यात दवाखाने आणि लसीकरणाची माहिती मिळते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, जुन्या वर्तमानपत्रातल्या औषधांच्या जाहिरातींसाठी अशा जुन्या वाचनालयांत विचारा. ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यांचं मात्र निम्मं बाड परदेशात, कारण कोल्हापुरात १८५२ पासून अमेरिकन मिशन होतं आणि १८७० ला ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडं गेलं, त्यांची कागदं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. ईमेल करायचा, बस.

पेशंटची नावं फेसबुकवर टाकू नका, उधारीची तर अजिबात नको. ज्याच्या पणजोबाचे साडेतीन रुपये राहिलेत तो अजून गल्लीत राहतो. आजाराच्या नोंदी असतील तर नाव झाकूनच फोटो द्या.

पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर आजच डबा वर हलवा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला शहरातल्या व्हीनस कॉर्नरला पाणी होतं ते सगळ्यांनी बघितलंय. वही भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं ओढून वेगळी करू नका, फॅनखाली सावलीत, पानांत साधा कोरा कागद घालून, आणि पहिल्या दोन दिवसांतच, नाहीतर बुरशी धरते. आजोबांची रोजकीर्द अशीच वाळवली होती, उधारीची शाई थोडी पसरली पण साडेतीन रुपये वाचता येतात.