फिलिंग सुटत होतं, कारण लाइटमध्ये निघालं

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात दोन दाढांच्या फटीतली फिलिंग्ज हिरडीलगतच्या कडेला सुटायला लागली. बाँडिंगची (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची) बाटली नवी, मुदतीतली, एचिंगही (त्याआधी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणं) व्यवस्थित. मग फिलिंग कडक करणारा निळा लाइट तपासला. टोकाच्या काचेवर कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मटेरियलचा, पातळ थर वाळून बसला होता, नखाला लागेल इतका. तो काढल्याबरोबर प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या रेडिओमीटरचा आकडा वर चढला.

पण खरी गोम अंतराची. बहुतेक बाँडिंगमधलं कॅम्फरक्विनोन हे रसायन ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि त्यामुळे रेझिन, म्हणजे बाँडिंगचा चिकट भाग, कडक होतं. खोल खड्ड्यात लाइटचं टोक तळापासून ६-७ मिलिमीटर लांब राहतं. तिथवर पोचणारा प्रकाश बराच कमी. अर्धवट कडक झालेलं बाँडिंग पाणी शोषतं आणि डेंटिनवरची (दाताच्या आतल्या थरावरची) पकड ढिली पडते.

आता आधी हवेच्या झोताने बाँडिंगमधलं द्रावक नीट उडवते, टोक शक्य तितकं जवळ आणि सरळ धरते, आणि खोल जागी १० ऐवजी २० सेकंद देते. नारंगी चष्मा लावून नजर टोकावरच ठेवायची, हे असिस्टंटताईंनाही सांगितलंय. हात जरासा हलला तरी प्रकाश शेजारच्या दातावर जातो. टोकाची काच आता रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी बघितली जाते.