सॉफ्ट मॅग्नेटिक मिश्रधातूंवर काम सुरू करताय? आधी डीएससी शिका

एम.एस्सी. करून मॅग्नेटिझमच्या लॅबमध्ये आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात व्हीएसएमवर (नमुन्याचं चुंबकन मोजणारं यंत्र) बसायचं असतं. साहजिक आहे, हिस्टेरिसिस लूप (क्षेत्र वाढवत-घटवत नेलं की चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) दिसतोच छान. पण मी प्रत्येकाला आधी डीएससीवर, म्हणजे नमुना तापवताना त्यात शिरणारी-निघणारी उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, बसवतो.

सॉफ्ट मॅग्नेटिक, म्हणजे सहज चुंबकित होणाऱ्या आणि चुंबकन सहज सोडणाऱ्या, मिश्रधातूंपैकी फाइनमेटचंच बघा. योशिझावा आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेला हा मिश्रधातू : अणूंच्या हिशोबात लोह 73.5 टक्के, सिलिकॉन 13.5, बोरॉन 9, नायोबियम 3, तांबं 1. वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडला की सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातल्या वेगाने गार होतो आणि वीसेक मायक्रॉन जाडीची अमॉर्फस (अणूंची स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना नसलेली) रिबन मिळते. ती हातात आली की पूर्ण दुमडून बघा. कडकन मोडली तर चाकावरच स्फटिक झाल्याची शंका घ्यायची. चाकाला टेकलेली बाजू मंद दिसते, वरची चकचकीत. वरची बाजू सावकाश गार होते, म्हणून स्फटिक आहेत का ते दाखवणारा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) दोन्ही बाजूंचा घ्या. एवढं करायचा कंटाळा बरेच जण करतात.

आता डीएससी. साधारण 320 अंश सेल्सिअसला आलेखात बारीकशी पायरी दिसते. ते अमॉर्फस अवस्थेचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर तिचं लोहचुंबकत्व जातं ते. स्केल मोठं ठेवलं तर नजरेतून सुटतंच. पुढे 500 ओलांडल्यावर पहिलं मोठं शिखर येतं, तिथे लोह-सिलिकॉनचे कण तयार होतात. त्याच्या बऱ्याच पुढे दुसरं शिखर, ते बोराइडचं (लोह-बोरॉनचं संयुग). बोराइड आलं की कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) भडकते आणि नमुना कामातून जातो. म्हणून ॲनीलिंग (ठरावीक तापमानाला तापवून ठेवणं) साधारण 550 अंशांना तासभर. तांब्यामुळे कणांची सुरुवात असंख्य जागी होते, नायोबियम त्यांना वाढू देत नाही. कण 10 ते 15 नॅनोमीटरवर थांबतात. हर्झर या संशोधकाच्या मॉडेलप्रमाणे या टप्प्यात कोअर्सिव्हिटी कणाच्या आकाराच्या सहाव्या घातात वाढते : आकार दुप्पट, कोअर्सिव्हिटी 64 पट!

शिखराची जागा तापवण्याच्या वेगाबरोबर सरकते, तेव्हा वेग न लिहिलेला आलेख गाइडला दाखवूच नका. शिवाय स्फटिकीकरणात उष्णता बाहेर पडते. डीएससीत काही मिलिग्रॅम असतात, तिथे ठीक. भट्टीत रिबन गुंडाळून केलेला जाडजूड कोअर ठेवला तर तो आतून ठरलेल्या तापमानाच्या वर जातो. तापमान मोजणारं थर्मोकपल कोअरला टेकवून ठेवा.

एवढं झालं की खुशाल व्हीएसएम, पण संपृक्त चुंबकनासाठी (नमुना जास्तीत जास्त जेवढा चुंबकित होतो ते). चांगल्या फाइनमेटची कोअर्सिव्हिटी 1 अँपिअर प्रति मीटरच्याही खाली असते; पृथ्वीचं क्षेत्र याच्या कितीतरी पट आहे. व्हीएसएमला सुपरकंडक्टिंग मॅग्नेट असेल तर त्यात उरलेलं क्षेत्र त्याहून जास्त भरू शकतं, मग मोजलेला आकडा नमुन्याचा की यंत्राचा? कोअर्सिव्हिटीसाठी रिबनचं टोरॉइड (गुंडाळून केलेलं कडं) करून बी-एच लूप ट्रेसरवर मोजा. रिबन गुंडाळायची ती मात्र ॲनीलिंगच्या आधी, कारण नंतर ती पापडासारखी तुटते. ॲनील झालेला कोअर डबीत ठेवून मगच त्यावर तार गुंडाळा.