जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय? आधी पेनड्राइव्हवर चालवून बघा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला रामराम ठोकला, म्हणजे त्याचे नेहमीचे अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पाचव्या-सहाव्या पिढीचे धडधाकट आय-थ्री, आय-फाइव्ह मोडीत निघाल्यासारखे झाले. सोलापुरात असे कॉम्प्युटर पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यांपासून जुळे सोलापुरातल्या क्लासेसपर्यंत सगळीकडे दिसतात. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं तर यातले बरेचसे आणखी काही वर्षं आरामात खेचतील.

बरेचसे म्हणतोय, सगळे नाही. टॅली, कोरलड्रॉ किंवा श्रीलिपीवर ज्याचं पोट आहे, त्याने कामाच्या मशीनवरचं विंडोज अजिबात काढू नये. जॅकार्ड डिझाइनची सॉफ्टवेअरही बहुतेक विंडोजसाठीच असतात. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात खरे, पण जीएसटीचे हिशेब त्या भरवशावर ठेवायचे नसतात. ब्राउझर, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, पत्रं, साधी एक्सेल शीट एवढंच काम असेल तर बिनधास्त पुढे चला.

लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत आणि त्यावरचे वाद त्याहून जास्त. नवख्या माणसाने त्यात न पडता लिनक्स मिंट घ्यावं. मांडणी विंडोजसारखी, खाली डावीकडे मेनू, आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती उतरवा. आणि कॉम्प्युटरमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. नुसत्या लिनक्सने जेवढा वेग वाढेल, त्याहून जास्त फरक एसएसडीने पडतो.

पेनड्राइव्ह तयार करणे

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एका फाइलीत, ३ जीबीच्या आसपास असते. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मध्येच संपतो, म्हणून वायफायवर उतरवा किंवा टॉरेंटने घ्या. टॉरेंट तुटलं तरी उरलेलं दुसऱ्या दिवशी पुढे सुरू होतं.

आता किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, फोटो असतील तर आधी काढून ठेवा. विंडोजमध्ये रुफस हा छोटा मोफत प्रोग्रॅम उघडून आयएसओ निवडा. निवड झाली की शेजारचं बरोबरच्या खुणेचं बटण दाबा. रुफस फाइलचा एसएचए-२५६ आकडा काढून देतो; फाइल धड उतरली का, ते त्यावरून कळतं. मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी तो जुळला तरच ‘स्टार्ट’ दाबून पेनड्राइव्ह तयार करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग अर्ध्यात अडकलेल्या इन्स्टॉलेशनचं खापर लिनक्सवर फोडतात.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे

कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेनूची की दाबत राहायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ च असते, पण ती कधीकधी बंद असते. तेव्हा एफ२ ने बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावी लागते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा, मग ‘स्टार्ट लिनक्स मिंट’. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा.

आता समोर जो डेस्कटॉप दिसतो तो पेनड्राइव्हवरून चालतोय, तुमच्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. इथे घाई करू नका, निदान एक संध्याकाळ त्यावर घालवा. वायफाय पकडतं का? आवाज येतो का? कॅमेरा, ब्राइटनेसच्या कीज, झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा जागं होणं, सगळं तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. तेवढ्या नेटवर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून पुष्कळदा वायफायचा ड्रायव्हर मिळून जातो.

प्रिंटरही याच वेळी जोडून बघा. एचपीचे बरेच प्रिंटर चालतात, १०२० सारख्या जुन्या लेझरजेटला वेगळा प्लगइन उतरवावा लागतो इतकंच. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र चांगलाच दमवतो. तोच तुमचा रोजचा प्रिंटर असेल तर निर्णयाचा पुन्हा विचार करा. डिजिटल सहीचं डोंगल वापरत असाल तर त्याचीही चाचणी आताच.

खरं इन्स्टॉलेशन

सगळं पटलं, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर गेला, ती डिस्क काढून कपाटात ठेवली, मगच डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर दोनदा क्लिक करा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मे महिन्यातली दुपार आणि नळाला पाणी येण्याची वेळ, दोन्ही टाळा. एकात वीज जाते, दुसऱ्यात तुम्हाला उठावं लागतं.

भाषा इंग्रजी ठेवा. मदत शोधताना सूचना इंग्रजीतच सापडतात, मराठी नंतरही घेता येते. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत.

मग येतो तो खरा पडदा: ‘इन्स्टॉलेशन टाइप’. विंडोज ठेवायचं असेल तर ‘अलाँगसाइड’. त्यासाठी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ५०-६० जीबी जागा आधीच मोकळी केलेली बरी, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सगळं पुसायचं असेल तर ‘इरेज डिस्क’. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क असतील तर पुढे कोणती डिस्क ते विचारलं जातं. तिथे एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतात आणि माणूस गोंधळतो. नावाकडे नाही, आकाराकडे बघा: २४० जीबी म्हणजे नवी एसएसडी, ५०० जीबी म्हणजे जुन्या बिलांची आणि लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर कोणत्या डिस्कवर काय बदल होणार याची एक छोटी खिडकी येते. ती शब्द न् शब्द वाचा. ‘कंटिन्यू’ म्हणेपर्यंत माघार घेता येते, नंतर नाही.

पुढचं सोपं आहे. वेळेसाठी नकाशावर कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. एसएसडीवर साधारण १५-२० मिनिटांत काम उरकतं. रीस्टार्ट करताना पेनड्राइव्ह काढायला सांगितलं की काढा आणि एंटर दाबा.

पहिल्याच दिवशी ‘अपडेट मॅनेजर’ चालवा आणि ‘टाइमशिफ्ट’ लावून ठेवा. एखाद्या अपडेटने बिघडलं तर सिस्टिम आदल्या स्थितीला नेता येते. तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही.

राहिला कीबोर्ड. सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड लिहिणारी माणसं असतात. सेटिंग्जमधल्या ‘कीबोर्ड’मध्ये, ‘लेआउट्स’खाली तिन्ही भाषा जोडता येतात. उच्चाराप्रमाणे टाइप करायचं तर प्रत्येकीचा ‘कगप’ लेआउट घ्या. पण नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाणित कीबोर्ड-मांडणीच शिका. त्यात ‘क’ तिन्ही लिप्यांत एकाच कीवर, इंग्रजी के च्या जागी असतो आणि बाकीची अक्षरंही बहुतेक तशीच. मराठीवर बसलेला हात तेलुगूवरही चालतो. भाषा बदलायचा शॉर्टकट तिथेच ‘ऑप्शन्स’मध्ये ठरवता येतो.