भिजलेली कागदपत्रं आणि फ्रीजर

कपाटामागचा पाइप रात्री फुटला आणि खालच्या कप्प्यातली फाइल चिंब झाली. पहिली चूक मीच केली: चिकटलेली पानं ओढून सोडवायला गेलो, दोन फाटली. मग उरलेला गठ्ठा तसाच प्लॅस्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. ओल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी धरते. गोठवलं की ती थांबते आणि सवड मिळते. नंतर थोडी थोडी पानं बाहेर काढून, मध्ये टिपकागद घालून पंख्याखाली वाळवली. शाई पसरली, पण अक्षर वाचता येतं.

मग अग्निरोधक पेटी घेतली. महिन्याभरात आत दमट वास! अशा पेट्यांच्या भिंतींतल्या भरावात पाणी असतं. आगीत त्याची वाफ होऊन आतलं तापमान आटोक्यात राहतं, एरवी मात्र ओल आत झिरपते. आता प्रत्येक कागद झिपच्या पाउचमध्ये, सोबत सिलिका जेल. पेटी जमिनीपासून वर. पेनड्राइव्ह मात्र त्यात नाही, कारण कागद 177 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो, पेनड्राइव्ह त्याच्या कितीतरी आधी बिघडतो. स्कॅनची प्रत बहिणीकडे ठेवली आहे.