रब्बीच्या पेरणीत गंभीर नदीकाठची ओल मोडू नका

सोयाबीन घरात आलं की आपल्याकडे पंधरा दिवस एकच धांदल असते. गहू किती, डॉलर चणा किती, लसूण कुठे, बटाटा कुठे. याच दिवसांत इंदूरजवळ हातोद-देपालपूरच्या बाजूला, गंभीर नदीच्या खोऱ्यात, नाल्याकाठी जेसीबी फिरू लागतो. उताराच्या खोलगट जागेत पावसाचं पाणी अजून घोटाभर असतं, लव्हाळा आणि पाणकणीस उभं असतं. एक चर काढला तर अर्धा बीघा मोकळा होईल, असं कुणालाही वाटतं. यंदा तो चर काढू नका, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या घरी हे एकदा केलं होतं. लसणासाठी चर मारला आणि खोलगट कोरडं केलं. लसूण बरा आला. पण खालच्या अंगाची विहीर होळीपर्यंत पाणी द्यायची, तिचा तळ संक्रांतीलाच दिसू लागला आणि गव्हाचं शेवटचं पाणी हुकलं. पुढच्या पावसाळ्याआधी चराच्या तोंडाशी दगड-माती दाबून तो बुजवला. माळव्याच्या काळ्या मातीखाली कातळ आहे, पाणी त्याच्या भेगांतूनच मुरतं आणि त्याला वेळ लागतो. खोलगटात थांबलेलं पाणी हा वेळ देतं. शिवाय वरच्या शेतांतून वाहून आलेला गाळही तिथेच बसतो.

नदीचंही हेच आहे. चंबळ जानापावला उगम पावते, क्षिप्रा इंदूर जिल्ह्यातच उज्जैनी गावाजवळच्या टेकडीवर. वर बर्फ नाही, हिमनदी नाही. दिवाळीनंतर गंभीरमध्ये जे वाहतं ते तुमच्या-माझ्या शेताखाली मुरलेलं पाणी. क्षिप्रा उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, म्हणून 2014 मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी विंध्याचा चढ चढवून तिच्यात सोडावं लागलं. गंभीर तर आधी यशवंत सागर तलाव भरते आणि पुढे उज्जैनलाही पाणी पाजते.

यशवंत सागर आणि सिरपूर ही इंदूरची दोन्ही तळी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, आणि 2025 मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ-शहराचा मान मिळाला. अभिमान वाटतोच. पण तळ्याचं पाणी वरच्या शेतांतून येतं आणि त्या शेतांना कुठली पाटी नाही. तिथे काय होतं ते आपल्याच हातात आहे.

आता पेरणीचं. नाल्याच्या काठापासून निदान दहा-पंधरा पावलं नांगर-बखर लावू नका. हरळी, मारवेल, वाळा जे उगवलं आहे ते राहू द्या, गवत गुरांसाठी कापून न्या. या पट्ट्यात युरिया किंवा डीएपी टाकू नका. तिथून धुपलेलं खत सरळ पाण्यात जातं आणि त्यावर जलपर्णी पोसते. फवारणीचा पंप नाल्यात धुवू नका. बटाटा आणि लसूण पाणी फार मागतात, ते विहिरीजवळच्या सपाट रानात घ्या. काठाकडच्या तुकड्यात ओलीवर हरभरा पेरा. त्याला फुलं येण्याआधी एक पाणी पुष्कळ झालं, फुलोऱ्यात तर देऊच नये. गहूच हवा असेल तर इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून आलेले अमृता (एचआय 1500) आणि हर्षिता (एचआय 1531) हे वाण कमी पाण्यासाठीच काढलेले आहेत.

पाण्याच्या पाळीचं मात्र एकट्याने होत नाही. वीज आली की काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि तासाभरात डोह उघडा पडतो. गहू पेरण्याआधीच वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांनी एका संध्याकाळी बसावं, कोणत्या दिवशी कुणाची मोटर ते ठरवावं, आणि एक डोह असा ठेवावा की त्यात कुणीच पाइप टाकणार नाही. मासे आणि गुरं दोन्ही वैशाखात त्यावरच जगतात. बोरी बांध, म्हणजे माती-वाळूच्या पोत्यांचा बांध, घालायचा असेल तर जरूर घाला, पण मधून पाणी पुढे जायला वाट ठेवा. वरच्याने पूर्ण अडवलं की खालचा चिडतो आणि तोही अडवतो. भांडण इथूनच सुरू होतं.

देवासकडे टोंकखुर्दच्या भागात 2006 नंतर शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा देऊन तळी खोदली, त्यांना रेवा सागर म्हणतात. खोदायचं तर असं, कोरड्या उतारावर. आहे ती पाणथळ खणून तिचं तळं करू नका, उथळ पाण्याचं काम खोल खड्डा करत नाही.

सारस उथळ पाण्यातच घरटं करतो. यशवंत सागरच्या भोवती त्याच्या जोड्या आहेत. पावसाळ्यात लव्हाळ्याचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते, म्हणून सोयाबीन काढायच्या वेळी पिल्लू अजून उडत नसतं. शेतात जोडी दिसली तर तो कोपरा शेवटी काढा, कुत्री बांधून ठेवा, मजुरांनाही सांगा. गेल्या कार्तिकात बांधावर उभा होतो तेव्हा तपकिरी डोक्याचं एक पिल्लू आईच्या पायाशी चिखलात चोच घालून काहीतरी ओढत होतं. हार्वेस्टर थांबवला, वीस मिनिटं गेली, तिघं चालत लव्हाळ्यात शिरले.

देवदिवाळीला विहिरीत दोरी सोडून पाण्याच्या पातळीला गाठ मारा. संक्रांतीला दुसरी, होळीला तिसरी. खोलगट राखलेल्या आणि चर मारलेल्या अशा दोन शेजाऱ्यांच्या दोऱ्या पाण्याच्या पाळीच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.