रीइश्यू ऑप्टिमस प्राइम कसा पारखायचा

ऑप्टिमस प्राइम म्हणजे ट्रकचा रोबो होणारं ट्रान्सफॉर्मर्स खेळणं. 1984 च्या या खेळण्याचा रीइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली आवृत्ती, हातात आला की आधी ट्रकची धुराडी बघा. 2002 च्या अमेरिकी आवृत्तीत ती आखूड केली होती. तीच आवृत्ती म्हणून विकताहेत आणि धुराडी लांब, तर काहीतरी गडबड आहे.

मग रोबो करा, सावकाश. सांधा अडला तर रेटू नका. पिनेभोवती प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली म्हणजे तडा जवळ आलाय. घट्ट सांध्याला सिलिकॉन ग्रीसचा टिपका पुरतो. ढिल्या खुंटीवर पाण्यातल्या पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ थर द्या, रात्रभर वाळवा. ओलं जोडलंत तर चिकटून बसेल. नेलपॉलिश सुचवतात खरं, पण त्यातलं द्रावक प्लास्टिक खातं. क्रोम मात्र घासूच नका, उडालेली चकाकी परत येत नाही.